आमच्याकडे कुणी झाडत नाही

१८ मे २०२४, शनिवार, हाल्डिंगेन

आज माझी सून रस्ता झाडायला गेली. पुण्यात कुणाला कळलं तर मला तोंड लपवावं लागेल, म्हणून फक्त इथे लिहून ठेवते.

जर्मनीच्या या भागात केरवोखे नावाची पद्धत आहे. नावातच केर. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने आठवडाभर जिना पुसायचा आणि समोरचा फुटपाथ झाडायचा. ज्यांची पाळी त्यांच्या दाराला पाटी टांगतात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं, या आठवड्याचे झाडूवाले कोण. सुलेखा एम.टेक. आहे, तिच्या हाताखाली जर्मन माणसं काम करतात. मी गौरांगला म्हटलं, तू जा. तो मराठी मंडळाच्या मीटिंगसाठी बॉबलिंगेनला निघाला होता. म्हणाला, "आई, इथे सगळेच करतात. वरचे डॉक्टरसुद्धा." डॉक्टर करेनात का. आपल्याला कुणी सांगितलंय?

ती संध्याकाळी झाडू घेऊन खाली गेली. मी मागे स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होते. दोन बार ऐकू आले. वाटलं, पोरांनी फटाके लावले असतील. मग सायरन. पुढच्या खिडकीशी आले तर समोरच्या सायकल स्टँडपाशी एक काळा मुलगा पालथा पडलेला, एक पोलीस त्याच्यावर वाकलेला, दुसरा फोनवर बोलत होता. मे महिन्यात इथे जेवणाच्या वेळेपर्यंत लख्ख उजेड असतो. रक्तसुद्धा दिसलं.

सुलेखा बऱ्याच वेळाने वर आली. ती मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्यांपाशी असणार, नशीब. नळ सोडून हात धूत राहिली. जेवली नाही. झाडू खालीच राहिला होता. मी म्हटलं, कुणीतरी उचलून नेईल. म्हणाली, "नेऊ दे, आई."

हल्लीच्या मुलींना वस्तूची किंमत नाही.

१९ मे

सकाळी दोन पोलीस आले, साध्या कपड्यांत. शेजारच्या गावचे. गौरांग ब्रेड आणायला गेलेला, सुलेखाला बरं नव्हतं, ती आत पडून होती. दार मीच उघडलं.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आल्डेगुंडा जर्मन शिकवायच्या. छडी घेऊन शिकवायच्या, त्यामुळे साठ वर्षांनंतरही टिकलंय. माझं जर्मन ऐकून पोलीस चाट पडले. दोघांतल्या थोरल्याने दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, काल संध्याकाळी तुमच्या घरातलं कुणी खाली झाडत होतं का?

त्याने ते इतक्या सहज विचारलं, जणू आम्ही त्याच कामाची माणसं. माझ्या अंगाची लाही झाली. मी ताठ मानेने सांगितलं, "आमच्याकडे कुणी झाडत नाही. त्याला बाई येते. ती सकाळीच येऊन गेली." धाकट्याने लिहून घेतलं. आभार मानून गेले.

नंतर सुलेखा बाहेर आली. काय विचारत होते म्हणाली. म्हटलं, तुला काय करायचंय, मी वाटेला लावलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि परत आत जाऊन पडली. गौरांगला मात्र बरं वाटलं. म्हणाला, "चांगलं केलंस, नसती कटकट."

२३ मे

पेपरात आलं. मुलाचं नाव लामिन, गाम्बियाचा. वृद्धाश्रमात रुग्णसेवेचं शिक्षण घेतोय, समोरच्याच इमारतीत राहतो. कुणीतरी फोन केला की एक काळा माणूस सायकल चोरतोय. ती सायकल त्याचीच होती. पोलीस म्हणतात, तो लोखंडी साखळी घेऊन अंगावर आला, मग जीव वाचवायला गोळी झाडावी लागली. गोळी मागून कमरेत शिरली आहे. अंगावर येणाऱ्या माणसाला पाठीमागून गोळी कशी लागते हे सिस्टर आल्डेगुंडांनी शिकवलं नव्हतं.

जगला, ते त्याचं नशीब. पण खटला भरताहेत तो त्याच्यावर. पोलिसांवर हल्ला. दोष लागला तर शिक्षण गेलं, या देशात राहण्याची परवानगीही गेली. गोळी झाडणारा कामावर आहे. त्याची चौकशी शेजारच्या गावचे पोलीस करणार!

मी बँकेत दक्षता विभागात होते. कोथरूडच्या मॅनेजरने घोळ घातला तर चौकशी डेक्कनच्या मॅनेजरला द्यायची, अशी बुद्धी आमच्या सर्वांत मठ्ठ चेअरमनलाही झाली नाही.

खालच्या फ्राउ हेबर्लेंना जिन्यात गाठलं. बाई दिवसभर खिडकीत उशी ठेवून बसलेल्या असतात. म्हणाल्या, त्या वेळी मी टीव्ही बघत होते, आणि उगाच कुणी गोळी घालत नाही. अख्ख्या गल्लीला डोळे आहेत, साक्षीदार एक नाही. असली भेकड माणसं मी जन्मात पाहिली नाहीत.

८ जून

लिहू की नको? लिहिते. सुलेखाकडे काहीतरी गोड बातमी आहे.

खाणं कमी झालंय. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. दोनदा अर्धा दिवस रजा टाकून कुठेतरी गेली. गौरांगला विचारलं तर म्हणाला, डॉक्टरकडे असेल, आणि लॅपटॉपमध्ये तोंड घातलं. फोन गॅलरीत जाऊन करते. गुरुवारी बिनफोडणीचं वरण आणि मऊ भात डब्यात भरून घेऊन गेली. कशाला म्हटलं तर म्हणते, ओळखीचं माणूस हॉस्पिटलमध्ये आहे. मी काय आज जन्मले? तिखट सोसत नसेल, आणि माझ्यासमोर सांगायला लाजत असेल. लग्नाला सहा वर्षं झाली. मी एका शब्दाने विचारणार नाही. डिंक मात्र मागवून ठेवलाय.

१६ जून, रविवार

आज सगळं उलटंपालटं झालं. नीट क्रमाने लिहिते.

दुपारी मंडळाच्या अध्यक्षाकडे, श्रीरंगकडे, जेवायला गेलो होतो. विषय गणपतीच्या मिरवणुकीचा. परवानगी पोलिसांकडून लागते, म्हणून त्यांच्या साहेबांना बोलावून शाल-श्रीफळ द्यावं असं चाललं होतं. मी म्हटलं, शालीबरोबर त्या मुलाच्या कमरेतली गोळीही द्या. सगळे ताटात बघायला लागले.

श्रीरंग तसा सज्जन आहे. म्हणाला, काकू, तुम्ही ऑगस्टमध्ये पुण्याला जाल. आम्हाला इथेच राहायचंय. तुमच्या गौरांगचा आणि सुलेखाचाच आइनब्युर्गरुंगचा अर्ज आत आहे. म्हणजे नागरिकत्वाचा. अशा वेळी पोलिसांशी वाकडं घेऊन कसं चालेल? त्यावर त्याची बायको म्हणाली, आणि ते लोक वेगळे हो. त्यांच्यात मारामाऱ्या चालतातच. आपण कुठे त्यांच्यात?

सुलेखाने ताट खाली ठेवलं. "मी तिथे होते," ती म्हणाली. "मला विचाराल, तर मी त्यांच्यातच होते."

ताकसुद्धा न पिता आम्ही निघालो. घरी आल्यावर तिने सांगितलं. मी शब्द बदलत नाही.

"मी फुटपाथवर होते, आई. मागे नाही. तो वाकून कुलूप काढत होता. ते मागून आले. त्याने मान वळवली, साखळी खाली ठेवली, हात वर केले. मग घाबरून वळला आणि गोळी लागली. 'थांब' म्हणून ओरडले ते गोळीनंतर. माझ्या हातात झाडूचा दांडा होता. दुसऱ्या पोलिसाने माझ्याकडे पिस्तूल वळवलं. मी दांडा टाकला. मला टाकायला वेळ मिळाला, त्याला नाही. एवढाच फरक."

मग त्याने तिला घरी जा म्हणून हाकललं. दोघा पोलिसांच्या जबाबात ती नाही.

दोन आठवडे ती गप्प बसली, गौरांगने बसवली. मग स्वतःच लामिनच्या वकीलबाईंकडे गेली, हॉस्पिटलात गेली. ते वरण त्याच्यासाठी होतं. लेखी साक्ष दिली. सरकारी वकिलांनी ती बाजूला ठेवली. का, तर घटनेच्या दुसऱ्याच दिवशी त्याच घरातल्या एका ज्येष्ठ बाईंनी अस्खलित जर्मनमध्ये सांगितलंय की घरातलं कुणी खाली नव्हतं.

"त्यांच्या जबाबात मी नाही, आई," सुलेखा म्हणाली. "तुमच्यातही नाही."

१७ जून

मला काय माहीत होतं? मागे डब्यांपाशी आहे असंच वाटलं होतं.

हे खरं आहे, आणि तरी पुरत नाही. ती झाडू घेऊन गेली हे मला माहीत होतं. बाई सकाळी येऊन गेली हे मी बनवलं. दक्षता विभागात अशा उत्तराला मी सोडलं नसतं.

गौरांग म्हणतो, आहे ते राहू दे. तू आता जबाब फिरवलास तर म्हणतील सुनेसाठी फिरवला, आणि आमच्या अर्जावर शेरा बसेल. घर घेतलंय, आई, तीस वर्षांचं कर्ज आहे. मी त्याला भित्रा म्हटलं. तो म्हणाला, "भित्रा आहेच मी. मला सकाळी कामावर जायचं असतं. पण खोटं मी नाही बोललो, तू बोललीस. तेही कशासाठी, तर झाडूसाठी."

यावर मला उत्तर सुचलं नाही. आयुष्यात दुसऱ्यांदा. पहिल्यांदा ह्यांनी लग्नाला मागणी घातली तेव्हा.

२७ जून

वकीलबाईंकडे जाऊन आले. फ्राउ आयदिन. तुर्की, आईवडील इथे कामगार म्हणून आले. वयाने सुलेखाएवढी आणि माझ्यासारखी फटकळ. तिने स्पष्ट सांगितलं, तुम्हाला शिक्षा वगैरे होणार नाही, पण भर कोर्टात विचारतील की खोटं का बोललात. खरं कारण सांगावं लागेल. लोक हसतील. पेपरवाले असतील.

तिथेच लामिन भेटला. कुबड्यांवर. मी उभी राहिले तर म्हणाला, बसा, बसा, आणि स्वतः माझ्यासाठी खुर्ची पायाने सरकवली. वृद्धाश्रमातली सवय. माझ्या गुडघ्याकडे बघून म्हणाला, डावा जास्त दुखतो ना? खुर्चीत बसताना हाताने जोर देऊ नका, अंग पुढे घ्या. मी त्याची माफी मागायला गेले होते, आणि तो मला उठबस शिकवत होता.

मागितली मग. त्याने सगळं ऐकून घेतलं. झाडण्यात काय वाईट हे त्याला कळेना. तिसऱ्यांदा समजावल्यावर म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडेही माणसांचे असे रंग असतात. फक्त दिसत नाहीत."

मी त्याला म्हटलं, त्या पोलिसावर तू फिर्याद कर, मी मुद्देसूद लिहून देते. त्याने मान हलवली. त्याला ते नको आहे. खटल्यातून सुटावं, कामावर जावं, बस. "जो फिर्याद करतो त्याच्यावर ते उलट करतात, फ्राउ लिमये. मी न करताच माझ्यावर केलीय."

असं पडतं घेतलेलं मला अजिबात आवडलं नाही. घरी येताना सुलेखाला तसं म्हटलं. ती म्हणाली, तुम्हाला गोळी लागली नाहीये, आई. सून हल्ली फार बोलते. लामिनसाठी डिंकाचे लाडू केले. डिंक होताच घरात.

११ नोव्हेंबर, पुणे

सुलेखाचा फोन. पोलिसाविरुद्धची चौकशी बंद. पुरावा नाही म्हणे. लामिनची केस उभी आहे, मार्चमध्ये सुनावणी. माझा नवा जबाब कागदोपत्री आहे, पण 'नंतर सुचलेला' असा शेरा मारलाय. फ्राउ आयदिन म्हणतात, व्हिडिओवरून साक्ष देण्यासाठी अर्ज करता येईल.

म्हटलं, समोर उभं राहून खोटं बोलले, खरं काय पडद्यावरून बोलू? तिकीट काढा. आमची निशिगंधा म्हणाली, ताई, या वयात थंडीत? बहीण असली तरी तिला कधीच काही कळलं नाही.

१२ मार्च २०२५, हाल्डिंगेन

कोर्ट अगदी साधं. आमच्या बँकेचा मीटिंग हॉल याहून भपकेबाज होता. लामिन कोट घालून बसला होता, शेजारी काठी. मागे बघ्यांच्या बाकांवर श्रीरंग आणि त्याची बायको. कसे आले विचारलं तर श्रीरंग म्हणाला, गौरांगने आणलं. गौरांग स्वतः रजा टाकून आला होता. मला सांगितलं नव्हतं. माझा कोट धरून बसला.

दोन्ही पोलिसांनी घोकलेलं सांगितलं. साखळी, अंगावर आला, रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. मग सुलेखा. ती फार हळू बोलते, पण एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. सरकारी वकिलांनी माझा पहिला जबाब वाचून दाखवला. मग मला बोलावलं.

दुभाषा दिला होता, मी त्याला विश्रांती दिली.

न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा असं का सांगितलंत? मी सांगितलं. आमच्या देशात रस्ता झाडणारी माणसं हलकी मानतात. मीही मानत आले. पोलिसाने पाटीकडे बोट दाखवून विचारलं आणि मला वाटलं, माझ्या सुनेला त्याने त्या माणसांत बसवलं. मुलगा मरतोय की जगतोय याचा त्या क्षणी मी विचार केला नाही, घराण्याच्या अब्रूचा केला. बाई सकाळी येऊन गेली हे खोटं. सून झाडू घेऊन संध्याकाळी गेली आणि झाडूशिवाय परत आली.

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. म्हणाले, "मी दर तिसऱ्या शनिवारी झाडतो, फ्राउ लिमये." मी म्हटलं, छान करता. आणखी काय म्हणणार?

सरकारी वकील उठले. हे सगळं तुम्ही सुनेला वाचवायला आता रचताय असं मी म्हटलं तर? माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज चढवला नाही. म्हटलं, "रचायचंच असतं तर माझी शोभा होणार नाही असं काहीतरी रचलं असतं. हे सांगायला मी पुण्याहून आले आहे. माझ्या ओळखीची माणसं मागे बसली आहेत."

न्यायाधीशांनी कागद चाळले. मग त्यांनी दुसऱ्या पोलिसाला, ज्याने गोळी झाडली नव्हती त्याला, परत पुढे बोलावलं. कोवळा आहे, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. विचारलं, रस्त्यावर कुणी बाई होती का? उत्तर दिलंच पाहिजे असं नाही, स्वतःवर येत असेल तर गप्प राहू शकता.

तो सुलेखाकडे बघत होता. त्याचा जोडीदार त्याच्याकडे.

"होती," तो म्हणाला.

हातात काय होतं?

"झाडू. मी टाक म्हटल्यावर तिने टाकला."

आणि आरोपीच्या हातात, त्या क्षणी?

"काही नाही," तो म्हणाला, आणि खाली बसला. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

मग सरकारी वकिलांनीच आरोपीला सोडावं असं सांगितलं. लामिन निर्दोष सुटला. न्यायाधीशांनी जाताजाता एवढंच म्हटलं की आजचं कामकाज चौकशीवाल्यांकडे परत पाठवतो, त्यांनी बंद केलेली फाइल उघडून बघावी. एप्रिलपासून लामिनला शिक्षण पुढे चालू करता येईल. त्याने आनंदाने काठी खाली टाकली आणि मग ती उचलायला गौरांगला वाकावं लागलं.

गोळी झाडणारा आमच्या समोरून गेला. गणवेश तसाच, चेहरा तसाच. मला वाटलं होतं, आज मला फार समाधान वाटेल. अर्धंच वाटलं.

१३ मार्च

दुपारी लामिन आला. तिसऱ्या मजल्यापर्यंत काठीने चढून आला, मदत घेतली नाही. सुलेखाने कॉफी केली. त्याने कालचं काही काढलं नाही, माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

मग म्हणाला, मी फिर्याद करतोय. फ्राउ आयदिन आजच पाठवताहेत. रात्री त्याने आईला फोन केला होता, निर्दोष सुटलो म्हणून. आई म्हणाली, त्यांनी तुला सोडलं हे कळलं. तुला ज्याने गोळी घातली, त्याचं काय झालं? म्हणाला, काल त्या पोराला सगळ्यांसमोर 'होती' म्हणता आलं, तर मलाही माझं म्हणता आलं पाहिजे.

मी इतके दिवस तेच तर सांगत होते. पण मी तोंड मिटून बसले. सुलेखाने माझ्याकडे पाहिलं, तिलाही नवल वाटलं असावं.

वर्ष लागेल, दोन लागतील, असं तो म्हणाला. त्यांच्या बाजूला मोठे वकील असतील. कदाचित काहीच होणार नाही, नोकरीसुद्धा राहील त्या पोलिसाची. सुलेखाला परत बोलावतील. "तुम्हालाही बोलावतील, फ्राउ लिमये. पुन्हा तेच सांगावं लागेल, सगळ्यांसमोर. झाडूचं. याल?"

मी बहात्तर वर्षांची आहे. विमानात पाय सुजतात. इथल्या पावाने पोट बिघडतं. हे सगळं मी त्याला सांगितलं आणि मग म्हटलं, तारीख कळव.

गौरांग दारात उभा होता, कामावरून आलेला, बूट अजून पायात. त्याच्या नागरिकत्वाचं पत्र अजून आलेलं नाही. येईल की नाही ते त्यालाही माहीत नाही. मला वाटलं, आता हा म्हणणार, आई, पुरे.

तो म्हणाला, "आई, दर वेळी नव्वद दिवसांचा व्हिसा काय काढतेस? या वेळी पाच वर्षांचा माग."